रोज भरायची घागर

मला हे नीट सांगता येईल का, याची खात्री नाही. आमच्या घरात लिहिणारं कोणी नव्हतं. कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तिथेही प्रयोगवहीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. पण त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट मी कोणाला बोलून सांगायला गेले की समोरचा एक तर हसतो, नाहीतर विषय बदलतो. म्हणून लिहून बघते.

जळगावहून धुळ्याकडे जाताना हायवेला लागून ते हॉटेल आहे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि सुट्टीपुरती मी तिथे खोल्या आवरायच्या कामाला लागले. असोद्याहून सकाळची बस, जळगावच्या स्टँडसमोरून हॉटेलची व्हॅन, आणि ऊन तापायच्या आत आम्ही त्या थंडगार इमारतीत शिरायचो. आत शिरलं की कानांना दडा बसल्यासारखं व्हायचं. गालिचे इतके जाड होते की आपल्याच पावलांचा आवाज यायचा नाही. मागून कोणी आलं तर खांद्यावर हात पडेपर्यंत कळत नसे.

तिथल्या खोल्यांना नंबर नव्हते, नावं होती. प्रत्येक खोली म्हणजे एक देखावा. ‘अजिंठा’च्या भिंती लेण्यासारख्या खडबडीत, छतावर रंगवलेले हंस आणि कमळं. ‘सुवर्णनगरी’त नळापासून उशीच्या किनारीपर्यंत सगळं सोनेरी, पुसताना डोळे दुखायचे. ‘केळीबाग’मधली पानं कापडाची होती, तरी एका पाहुण्याने खरी आहेत का बघायला एक पान फाडलंच. ‘पॅसेंजर’ ही खोली आगगाडीच्या डब्यासारखी. बटण दाबलं की खिडकीच्या जागी लावलेल्या पडद्यावर शेतं पळायची, खालून चाकांचा आवाज यायचा, आणि स्टेशन काही येत नसे. मुलांना ती फार आवडायची.

आणि दुसऱ्या मजल्याच्या टोकाला ‘खान्देशी घर’.

ही खोली सगळ्यांत महाग होती. भिंती सिमेंटच्या, पण वर मातीचा रंग देऊन शेणाने सारवल्यासारखी बोटं उमटवलेली. एका कोपऱ्यात चूल, तिच्यात राखेखाली लाल बल्ब, म्हणजे निखारे असल्यासारखे वाटावेत. पलंग मऊ गादीचा, शिवाय खिडकीशी एक सुताची खाट. छताच्या सागवानी तुळया आणि दाराचा उंबरठा मात्र खरे होते. कुठल्या तरी गावात घर पाडलं तेव्हा ते विकत आणले होते असं ऐकलं. उंबरठ्याला घासून पॉलिश केलं होतं, तरी तिरक्या उजेडात पाहिलं की पॉलिशच्या खाली तांबूस डाग दिसायचे, एका रांगेत, बोटाएवढे. आमच्याकडच्या कोणालाही ते काय आहेत हे सांगावं लागणार नाही. दुसरीकडच्यांसाठी सांगते.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे घागर भरतात. मातीची नवी घागर, तोंडावर छोटा गडू, त्यावर आंबा नाहीतर सांजोरी, शेजारी खरबूज. घरातून जे गेले त्यांचं नाव घ्यायचं, उंबरठ्यावर कुंकवाचं एक बोट ओढायचं आणि पाणी भरायचं. म्हणजे त्या माणसाला घरी बोलावणं झालं. मग चुलीतल्या निखाऱ्यावर त्याच्या नावाने घास टाकायचा, वर तूप सोडायचं. जेवला की तो आपल्या वाटेने जातो. वर्षातून एकदाच बोलवायचं, खाऊ घालायचं आणि वाटेला लावायचं.

ही खोली सजवणाऱ्या मॅडम बाहेरगावच्या होत्या. त्यांनी कुठेतरी आखाजीची घागर पाहिली आणि त्यांना ती फार आवडली. खोलीत उंबरठ्याच्या आत, डाव्या हाताला, सागवानी तिवईवर त्यांनी तशीच घागर मांडली. गडू, लाकडी आंबा, सगळं होतं. शेजारी पितळी पाटी, ‘पूर्वजांच्या स्मरणाचा जलकुंभ’. आणि नियम करून दिला की घागर कायम काठोकाठ भरलेली हवी, पाणी रोज ताजं. बारा महिने.

त्या मजल्यावर माझ्यासोबत एक अक्का होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, काटक, शिंदखेडा तालुक्यातल्या, दोंडाईच्याजवळच्या एका गावच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जळगावात एकट्या भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि हॉटेल उघडलं तेव्हापासून इथे होत्या. आम्हा सगळ्यांना राखाडी अंगरखा आणि पँट होती. अक्का साडीवरच अंगरखा चढवायच्या. सुपरवायझर मॅडमनी पहिले काही महिने त्यावर वाद घातला, मग सोडून दिला.

पहिल्याच दिवशी मी पाहिलं की अक्का त्या खोलीतलं सगळं करतात, घागरीला हात लावत नाहीत. तिवईच्या आसपासची फरशीसुद्धा माझ्याकडून पुसून घेतली.

सुपरवायझर मॅडम नाशिकच्या होत्या, वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्या दारातून डोकावल्या. “मावशी, घागर फुल पाहिजे हं. रिकामी दिसली की फोटोत मजा जाते.”

“भरी ना ही पोर,” अक्का चादर ताणत म्हणाल्या. “ती कॉलेजमा जास. तिले पानी भरता येस.”

मॅडम हसून गेल्या. अक्कांनी चादरीची घडी मारली आणि माझ्याकडे न पाहता पुटपुटल्या, “रोज बलावतस. अन जेवाले काय देतस? बल्प?”

मला हसू आलं. मग मी गडू उचलला, घागरीत जगने पाणी ओतायला लागले आणि हसू आपोआप थांबलं. नाव न घेता घागर भरायची मला सवय नव्हती. ओतताना हात अडखळला.

“कोणाचं तरी नाव घ्यावं का?” मी विचारलं.

“घेशी तर तुना घरनं घे,” अक्का म्हणाल्या. “बिगर नावनी भरशी तर कोनी बी यी.”

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात माझ्या आजोबांचं नाव घेऊ लागले. ते शांत स्वभावाचे होते. आले तरी कोणाला त्रास देणार नाहीत, असं वाटलं.

अक्का घागर का भरत नाहीत हे मला काही दिवसांनी कळलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मागच्या जिन्यावर बसायचो. अक्का डबा उघडायच्या आधी एक फोन लावायच्या, कानाला धरून थोडं ऐकायच्या आणि ठेवून द्यायच्या. एकदा मी विचारलं, कोणाला लावता?

त्यांचा एकुलता एक मुलगा लग्नानंतर वर्षभरात सुरतेला गेला होता, साड्यांच्या कारखान्यात. दोंडाईच्याला गाडीत बसवायला अक्का स्वतः गेल्या होत्या. सुरुवातीला रोज फोन यायचा, मग आठवड्याने, मग बंद. दीर जाऊन शोधून आले. कारखान्यात म्हणाले, तो केव्हाच सोडून गेला. पोलिसांत नोंद झाली. ह्याला आता तीन वर्षं होत आली होती. त्याचा नंबर मध्यंतरी बंद होता आणि मग दुसऱ्याच कोणाला मिळाला. आता एक गुजराती बाई उचलायची.

“चांगली शे बिचारी,” अक्का म्हणाल्या. “आवाज वळखस मना. म्हनस, नथी, बेन. आज पन नथी.”

सून माहेरी होती. माझ्याच वयाची. तिच्या वडिलांचं म्हणणं, पोरीने किती दिवस असं अधांतरी राहायचं. आणि अक्कांचे थोरले दीर, ज्यांना त्या जेठ म्हणायच्या, ते या आखाजीला पुतण्याची घागर भरून टाकू म्हणत होते. एकदा घागर भरली की सगळं गाव समजतं. सून मोकळी होईल, सोयरे बोलायचे थांबतील.

“पोलीस म्हनतस हरवना,” अक्का भाकरी मोडता मोडता म्हणाल्या. “जेठ म्हनतस गया. पन घागर भरनी म्हंजे मीच म्हनं ना, गया म्हनीसन. माय म्हनस म्हंजे गयाच मंग.”

मी त्यांना लोणचं दिलं. त्यांनी घेतलं.

आता खोलीबद्दल सांगते. मी जेवढं पाहिलं तेवढंच सांगते.

काठोकाठ भरलेली घागर दुसऱ्या सकाळी दोन-तीन बोटं खाली गेलेली असायची. खोलीत पाहुणे असोत नसोत. मी ते फार मनावर घेतलं नाही, मातीचं भांडं झिरपणारच. खिडकीशी असलेल्या खाटेचं मात्र मला कोडं होतं. तिच्यावरची गोधडी मी रोज ताणून घालायची, आणि रिकाम्या खोलीतही सकाळी तिच्या पायथ्याकडे खोलगट पडलेलं असायचं. कामावरून आलेला माणूस पूर्ण न बसता, चपला काढण्यापुरता टेकतो ना, तेवढं. सूत सैल होतं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही असेल.

मुंबई-पुण्याचे पाहुणे त्या खोलीवर खूश असायचे. खूप झोप लागली म्हणायचे. रिसेप्शनवर त्यांचे अभिप्राय चौकटीत लावले होते, त्यातला एक मला पाठ आहे: अगदी घरच्यासारखं वाटलं, जणू रात्रभर घरातलं कोणी हळू पावलांनी वावरत होतं. मॅडमना तो फार आवडायचा. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा हातातले टॉवेल छातीशी धरून कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

आमच्याकडचे लोक मात्र ती खोली घेत नसत. कारण सांगत नसत, दुसरी मागत. एकदा एरंडोलकडचे एक वयस्कर गृहस्थ आले. मुलाने वडिलांच्या वाढदिवसाला हौसेने हीच खोली घेतली होती. ते काठी टेकत दारापर्यंत आले आणि उंबरठ्याबाहेर थांबले. घागरीकडे पाहिलं, मग खाली उंबरठ्याकडे.

“कोणाची घागर आहे?” त्यांनी विचारलं.

“डेकोरेशन आहे, नाना,” मॅडम म्हणाल्या.

“डेकोरेशन बरोबर. पण कोणाची?”

मॅडमनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, “नाना, आत तर चला, एसी बघा.”

“तू जा. मी त्या रेल्वेच्या डब्यात झोपतो,” नाना म्हणाले. “तिथं निदान कोणी चढत-उतरत नसेल.”

सगळे हसले, तेही हसले, पण आत आले नाहीत. बापलेक ‘पॅसेंजर’मध्ये राहिले. मी बॅगा उचलायला वळले तेव्हा अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचं लक्ष नानांकडे नव्हतं. त्या उंबरठ्यावरच्या त्या डागांकडे पाहत होत्या.

“ह्या घरना लोके कोठे गयात व्हतीन?” त्या म्हणाल्या. “उंबरठा तर आठे ली उनात.”

आखाजी जवळ आली तसे अक्कांना गावाहून फोन यायला लागले. त्या जिन्यावर जाऊन बोलायच्या, परत आल्या की तोंड धुवायच्या. एकदा चादरी मोजता मोजता अचानक म्हणाल्या, “पोरी, समज एखादाले घरना रस्ता सापडना नई. तर तो कोठे जाई? जठे माय शे तठेच ना?”

मी म्हटलं, “अक्का, असं काही नसतं.”

“मी काय म्हनी राहिनू, असं शे म्हनी?” त्या म्हणाल्या. “इचारी राहिनू.”

त्याच सुमारास तिवई काळी पडून कुजायला लागली. रोजच्या झिरपणाऱ्या पाण्याने फरशीलाही डाग पडला. मॅडमनी देखभालीच्या चाचांना बोलावलं. चाचा धुळ्याचे, मूळचे गवंडीकाम करणारे. त्यांनी घागर रिकामी केली, उन्हात वाळवली आणि आतून टाकीला लावायचा काळा लेप दोनदा फिरवला. आणून ठेवताना बोटांनी टिचकी मारली.

“टंकी को लगाता मैं ये,” ते मला म्हणाले. “अब इसमें से एक बूंद नहीं जाएंगी. तेरी मेहनत बची बेटा.”

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पाणी काठाला होतं. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. हलवलं तर सांडेल इतकं. मला इतकं हलकं वाटलं की मी अक्कांना हाताला धरून आत नेलं. माठाला बारीक छिद्रं असतात, पाणी त्यातून बाहेर येतं आणि उडून जातं, म्हणून तर पाणी थंड होतं, हे सगळं समजावलं. एसीची हवा कोरडी, म्हणून जास्त उडायचं. कोणी येत नव्हतं, अक्का. पाणी झिरपत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा शिकलेलं कोणाच्या तरी कामाला येतंय, असं मला वाटत होतं.

अक्कांनी लक्ष देऊन ऐकलं. मग एकेक करून विचारलं.

“म्हंजे आते पानी झिरपाव नई?”

“नाही.”

“उडाव बी नई?”

“वर गडू आहे. उडालं तरी डोळ्याला दिसण्याइतकं नाही.”

“अन दिसनं तर?”

“दिसणारच नाही, अक्का.”

त्यांनी मान हलवली. “मंग आते ही घागर खरं बोली,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खोलीकडे गेल्या. त्या काय म्हणाल्या ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, मी माझं शास्त्र तिथेच थांबवायला हवं होतं.

आखाजीच्या आधी त्या खोलीला काही दिवस बुकिंग नव्हतं. एका सकाळी अक्कांनी मला चादरींची ढकलगाडी खोलीबाहेरच ठेवायला सांगितली. तिला दोन्ही हातांनी धरून त्या उभ्या होत्या.

“आज त्यानं नाव घे,” त्या म्हणाल्या. “मना आंडोरनं.”

आंडोर म्हणजे मुलगा.

“गया व्हई तर यी. पानी उतरी. जिता व्हई तर कसाले यी? जठे शे तठे राही. मंग मी जेठले सांगस, नई भरनी घागर.” त्या थांबल्या. “मनाघाई नाव घेवाव नई. मी माय शे. तू परकी शे, तू घे. परकानी घिदं त्यानं काय.”

मी खूप काही म्हणू शकले असते. पाण्याने असं कळत नाही, म्हणू शकले असते. पण त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसासारखा होता, आणि तो निकाल लागायची सोय मीच चार दिवसांपूर्वी मोठ्या अभिमानाने करून दिली होती. मी जग भरून आणला. अक्कांनी माझ्या कानाशी येऊन नाव सांगितलं. मग त्या दाराबाहेर गालिच्यावर जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून.

मी आत गेले. पडदे ओढलेले होते. चुलीतला बल्ब लाल दिसत होता. मी जुनं पाणी काढलं, नवं ओतायला लागले आणि नाव घेतलं. हळू घेतलं, पण मनात नाही, तोंडाने. एखाद्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही, तो कुठेतरी चहा पीत बसलेला असेल, आणि मी त्याला असं बोलावते आहे, या विचाराने मानेवर काटा आला. खोलीत नाव उच्चारल्यावर आवाज जरा जास्त वेळ राहिल्यासारखा वाटला. गडू ठेवताना तो घागरीच्या काठावर किणकिणला.

बाहेर आले तर अक्कांनी काही विचारलं नाही. आम्ही दार बंद करून ‘अजिंठा’ आवरायला गेलो.

दुसऱ्या सकाळी अक्का जिन्यातच थांबल्या. “तू देखी ये,” म्हणाल्या. “मी आठे शे.”

दार उघडलं. खोलीत वास होता. कोंदट नाही, वाईटही नाही. घामाचा आणि यंत्राच्या तेलाचा, शिफ्टवरून आलेल्या कपड्यांना येतो तसा. मी गडू उचलला.

पाणी खाली गेलं होतं. दोन बोटं, कदाचित तीन. घागरीच्या आतला काळा लेप ओला चमकत होता, पाणी नुकतंच होतं तिथपर्यंत. मी तिवई चाचपली. कोरडी. फरशी कोरडी. खाटेकडे मी पाहिलं नाही.

जिन्यातून अक्कांनी एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. मग मी न्हाणीघरात गेले, जग भरला, घागर काठापर्यंत भरली, गडू ठेवला, खिडकी उघडून पदराने हवा घालावी तशी चादरीने घातली. आणि बाहेर येऊन म्हटलं, “भरलेली आहे, अक्का. होती तेवढीच.”

अक्का धावत आल्या. वाकून घागरीत पाहिलं. पाण्यात त्यांचा चेहरा दिसला असेल. मग त्या उंबरठ्याबाहेर खालीच बसल्या आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून हसल्या. “कोठे बसना शे गधडा,” म्हणाल्या. “मायले फोन करता येस नई.” मी त्यांना असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

त्या आखाजीला गावी गेल्या आणि जेठांना सांगितलं की घागर भरायची नाही. सुनेला सांगितलं, अजून थांब. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं, आवाज मोकळा होता. फोन ठेवल्यावर मला ती सून आठवली, जी माझ्याच वयाची होती आणि जिला मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या दोन शब्दांवर ती आता थांबणार होती. मला जेवण गेलं नाही.

आमच्या घरीही घागर भरली. आईने उंबरठ्यावर बोट ओढलं, आजोबांचं नाव घेतलं. मी जवळ बसले होते. आईने निखाऱ्यावर घास टाकला, तूप चरचरलं, आणि तिने अगदी रोजच्या आवाजात म्हटलं, “जेवा आणि सुखाने जा.” मला तेव्हा समजलं की हे शेवटचं वाक्य मी त्या खोलीत कोणालाच म्हटलेलं नाही.

अक्का गावी होत्या तेवढे दिवस मी एकटीने खोली केली. मी नाव पुन्हा घेतलं नाही, आजोबांचंही नाही, कोणाचंच नाही. तरी रोज सकाळी पाणी उतरलेलं असायचं. चाचांना बोलावलं. त्यांनी घागर उलटी-पालटी करून पाहिली, लेपावरून अंगठा फिरवला.

“लेप तो सही है,” ते म्हणाले. “कोई पीता होएंगा.”

ते गमतीने म्हणाले. नंतर माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घागर जरा घाईने खाली ठेवली.

अक्का परत आल्या तशी मी व्हॅनमधून उतरले की आधी वर जायला लागले. अक्का व्हॅनच्या आधीच येऊन खाली बसलेल्या असायच्या; त्यांचा चहा होईपर्यंत घागर भरून, खाटेवरची गोधडी ताणून, खिडकी उघडून ठेवायची. अक्का नंतर यायच्या, गडू उचलून आत बघायच्या आणि कामाला लागायच्या. असं बरेच दिवस चाललं. कधीकधी मला वाटायचं, त्या आत आल्या की क्षणभर थांबतात, श्वास आत घेतात. पण काही बोलत नसत. जिन्यावर बसून फोन लावणं मात्र त्यांनी बंद केलं होतं. मी एकदा विचारलं, गुजराती बाईंना नाही लावत? तर म्हणाल्या, “कितला तरास देवाना तिले.”

कॉलेज सुरू व्हायला थोडे दिवस राहिले होते. त्या सकाळी असोद्याची बस लवकर मिळाली आणि मी व्हॅनची वाट न पाहता रिक्षाने आले. खालूनच जग भरून घेतला आणि वर गेले.

‘खान्देशी घर’चं दार उघडं होतं. अक्का आत उभ्या होत्या, अंगरखा अजून घातलेला नव्हता, साडीच्या निऱ्या पुढून ओल्या झालेल्या. एका हातात गडू, दुसऱ्या हातात रिकामा जग. खाटेवरची गोधडी ताणून झाली होती. खिडकी उघडी होती. त्या अशा किती दिवस माझ्याही आधी येऊन भरत होत्या, आणि मग मला रोज उतरलेलं दिसायचं ते पाणी कोणत्या हिशेबाचं होतं, हे मी अजून मनात नीट लावू शकलेले नाही.

“भरेल व्हती,” मी काही विचारायच्या आत अक्का म्हणाल्या.

मग त्यांची नजर माझ्या हातातल्या भरलेल्या जगवर गेली. मी तो मागे नेला नाही. एसीचा आवाज येत होता.

“हो,” मी म्हटलं. “कालच मी जरा जास्त भरली होती.”

अक्कांनी गडू घागरीवर ठेवला, आंबा त्यावर नीट बसवला. पदराच्या टोकाने घागरीचं पोट पुसलं, जसं एखाद्याचं तोंड पुसतात. त्या उन्हाळ्यात त्यांनी घागरीला हात लावताना मी पहिल्यांदा पाहिलं.

“सूनना बापले फोन कया काल,” त्या म्हणाल्या. “सांगं, पोरले आते बसाडी ठेवू नका. चांगलं घर देखा. मनं काही म्हननं नई.”

“आणि जेठांना?”

“जेठले कसाले सांगाले पाहिजे?” त्या म्हणाल्या. “गावले घागर मी भराव नई.”

त्यांनी पडदा अर्धा ओढला, ऊन खाटेवर येणार नाही असा. मला हाताने बाहेर व्हायला सांगितलं. उंबरठा पाय न लावता ओलांडला आणि त्या गालिच्यावर आल्या. मी दार लावायला हात पुढे केला, ते दार आपोआप धाडकन मिटतं, आम्ही रोज तसंच सोडायचो. अक्कांनी माझा हात बाजूला केला. आत कोणी दमून झोपलेलं असताना ओढतात तसं, मूठ धरून, हळू, कडी वाजू न देता त्यांनी दार ओढून घेतलं.